गिरणीच्या पुढचे फोटो

"डबे हलवू नका," सोनगिरेकाका म्हणाले. "आहेत तसे राहू द्या."

युनूसभाईंच्या पिठाच्या गिरणीसमोर डब्यांची रांग लागली होती. सकाळपासून वीज नव्हती. बायका डबे नंबराला लावून घरी निघून गेल्या होत्या. डालड्याचे डबे, बिस्किटांचे डबे, एक पितळी, एकाचं झाकण हरवलेलं म्हणून त्यावर ताटली आणि ताटलीवर वीट. काका रस्त्यात एक गुडघा टेकून कॅमेऱ्यात बघत होते. त्यांच्या मागे एक बैलगाडी मुकाट्यानं थांबली होती.

"काका, पेपरात आता डब्यांचे फोटो?" युनूसभाई दारातून म्हणाले. "गावातली माणसं संपली का?"

"माणसं हलतात."

"मग माझा काढा. मी सकाळपासून जागचा हललो नाही. लाईट आहे कुठं?"

गाडीवान हसला. काका हसले नाहीत. त्यांनी दोनदा बटण दाबलं, उठून धोतर झटकलं आणि गाडीला वाट दिली. मी तिथं एक निरोप द्यायला गेलो होतो आणि तो कसा द्यावा, हे मला ठरवता येत नव्हतं. शेवटी चालता चालता सांगून टाकला. येत्या रविवारनंतर 'गावचित्र' बंद.

मी तेव्हा वडबारीत आमच्या दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. दुपारी बातम्यांचं पाकीट एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायचं, ते संध्याकाळी जिल्ह्याच्या कार्यालयात पोचायचं आणि सकाळी छापून यायचं. 'गावचित्र' दिवाळीत सुरू झालं. दर रविवारी पान चारवर दोन कॉलमांचा एक फोटो, खाली एक ओळ. फोटो काकांचे. मानधन नव्हतं आणि त्यांनी ते मागितलंही नाही. माझ्या मनात किल्ल्याची तटबंदी होती, नदीपलीकडचं हेमाडपंती देऊळ होतं. काकांनी पहिला फोटो आणला तो एस.टी. स्टँडवरच्या पाणपोईचा. दुसरा स्टँडबाहेरच्या रसवंतीचा. मग सिनेमाची पोस्टरं लावायची भिंत, जिनिंगची चिमणी, पाण्याची टाकी, कन्याशाळेचं फाटक आणि फाटकाशी बोरंवालीची टोपली. लोक मला चौकात अडवून विचारायचे, आमच्या गावात दाखवण्यासारखं एवढंच सापडलं का? एकानं तर आपल्या म्हशीचं नाव सुचवलं होतं. मी काकांना किल्ल्याचं पुन्हा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "किल्ला त्या अंगाला आहे. तिकडं नाही जायचं." मला वाटलं, चढ झेपत नसेल.

निरोप ऐकून ते थांबले.

"का?"

"जागा हवीय. शेतीचा सल्ला सुरू करतायत. खताच्या कंपनीची जाहिरात आहे त्याबरोबर."

"तीन राहिलेत," ते म्हणाले.

"काय तीन?"

ते स्टुडिओच्या दिशेनं गेले.

त्यांच्याबद्दल गावात सगळ्यांना माहीत होतं ते असं. काशिनाथ सोनगिरेंना एकच मुलगी, हेमा. दुकानाच्या पाटीवरही 'हेमा फोटो स्टुडिओ' असंच होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ती दवाखान्यातल्या एका कंपाउंडरबरोबर निघून गेली. मुलगा दुसऱ्या जातीचा. नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि दोघं पुण्याला गेली. काकांचे थोरले भाऊ, आण्णा, समाजाचे पुढारी होते. त्यांनी घरातल्या सगळ्यांना तिच्या नावानं आंघोळ करायला लावली, म्हणजे ती मेली असं समजून. त्यावर न थांबता काकांना पाटावर बसवून हातावरून पाणी सोडायला लावलं. पत्र नाही, निरोप नाही, तोंडातून नाव नाही. दुसऱ्या दिवशी पेंटर आला आणि पाटीवर 'सोनगिरे फोटो स्टुडिओ' झालं. काकूंनी त्या दिवसापासून मुलीबद्दल एक शब्द काढला नव्हता. आण्णा म्हणत, बायको बघ, तुझ्यापेक्षा घट्ट आहे.

संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या बातम्या लिहीत बसलो होतो, तेव्हा काका माझ्या खोलीवर आले. आजवर ते कधी आले नव्हते. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"देवरे भाऊ, तीन रविवार द्या. मग बंद करा."

मी सांगितलं की ते माझ्या हातात नाही. मग त्यांनी विचारलं की कुणाच्या हातात आहे, त्याला भेटायला जाऊ का. एवढ्या फोटोंसाठी हा माणूस जिल्ह्याला जाऊन साहेबाच्या पाया पडेल, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी म्हटलं, "काका, आजवर फोटो छापून आल्याचा अंक तुम्ही माझ्याकडे मागितला नाही. मग या तीन फोटोंचं एवढं काय आहे?"

ते खुर्चीवर बसले.

"स्टँडवर उतरलं की पहिली पाणपोई लागते," ते म्हणाले. "मग रसवंती. मग भिंत. चिमणी, टाकी, शाळा, मारुतीचा पार. मग गिरणी. आता गल्लीचं तोंड राहिलं, आमचा नळ राहिला आणि दार राहिलं."

मी फोटो आठवून पाहिले. एकामागून एक, सगळे रस्त्यावर होते. एकही जागा चुकली नव्हती.

"ती रोज याच वाटेनं यायची कॉलेजातून. घरापर्यंत आणून सोडायचं होतं."

"ती बघते म्हणता?"

"त्यांच्या चाळीत आपल्या डेपोच्या एका कंडक्टरचं बिऱ्हाड आहे. तो स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायला आला, तेव्हा आपणहून बोलला. त्यांच्या दारात आपलाच पेपर पडतो. मी विचारलं नव्हतं." ते माझ्याकडे बघत राहिले. "मी पाणी सोडलंय. पत्र नाही लिहिलं, निरोप नाही दिला. पेपर सगळ्यांसाठी असतो. त्यात काही मोडत नाही."

मी ताबडतोब सांगायला हवं होतं की थांबायला हवं होतं, याचा विचार करण्याची मला सवय नव्हती. जे ठाऊक आहे ते सांगायचं, एवढंच मला येत होतं.

"काका, पान चार पुण्याला जात नाही."

त्यांना कळलं नाही. त्यांनी पुण्याला स्टॉलवर आपला पेपर टांगलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, नाव तेच, अक्षरही तेच. मी म्हटलं, नाव एक असतं, आवृत्त्या वेगळ्या असतात. पुण्याचा अंक पुण्यात छापतात. आपल्या जिल्ह्याची पानं आपल्या जिल्ह्यापुरती. मला पुण्याला बदली हवी होती, म्हणून मी तिकडचा अंक टपालानं मागवत असे. गेल्या रविवारचे दोन्ही अंक काढून मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिलं पान सारखं होतं. पान चार उघडलं. आमच्या अंकात मारुतीचा पार होता. त्यांच्या अंकात त्या जागी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानाचा साड्यांचा सेल होता.

काकांनी चष्मा काढून पुसला आणि दोन्ही पानं पुन्हा पाहिली. कागदाला हात लावला नाही.

"म्हणजे एकही नाही."

"एकही नाही."

"इथं मात्र सगळ्यांनी बघितले."

मी दोन्ही अंकांच्या घड्या घातल्या.

"आण्णा दर रविवारी वाचून दाखवायचा," ते म्हणाले. "'काशिनाथचा फोटो आलाय, टाकीचा.' मला आतून हसू यायचं."

मी म्हटलं, मी कळवतो तिला. मी कुठलं पाणी सोडलेलं नाही. कंडक्टरला सांगतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तुम्हाला मी सांगितलं, म्हणून तुम्ही कळवणार. ते माझंच सांगणं झालं. मी थोडा वाद घातला. त्यांची बाजू मला पटत नव्हती, पण तिच्यात फट सापडत नव्हती. शेवटी मी म्हटलं, पुण्याच्या आवृत्तीत एक फोटो येतो का ते बघू. एकच. कुठला देता?

"दार," ते म्हणाले. क्षणभरही लागला नाही.

पुण्याच्या कार्यालयात सदावर्ते म्हणून उपसंपादक होता. आम्ही एके काळी एकत्र रात्रपाळ्या केल्या होत्या. पोस्टातून त्याला ट्रंककॉल लावला. तो म्हणाला, कुणाचं दार? त्या दारात झालं काय? मी म्हटलं, काही झालं नाही, साधं दार आहे. तो हसला. "अरे, तुमच्या वडबारीत काही पडलं, जळलं किंवा कुणी उद्घाटन केलं, तर इकडं एक ओळ लागते. दाराला कोण विचारतो?" मग जुनी ओळख म्हणून म्हणाला, पाठव, चांगला असला तर कुठंतरी बसवतो.

काकांनी फोटोसाठी तिन्हीसांजेची वेळ निवडली. मी बरोबर गेलो. आण्णा त्या वेळी समाजाच्या बैठकीला जात, हेही त्यांनी धरलं असावं. जुनं सागवानी दार, दोन्ही फळ्या भिंतीला लावलेल्या, चौकटीवर वाळलेलं आंब्याच्या पानांचं तोरण. आत देवळीत काकूंनी दिवा लावला, तुळशीला उदबत्ती दाखवली आणि ओसरीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसल्या. पती काय करतोय हे त्यांनी विचारलं नाही. काका रस्त्यापलीकडे तिपाई लावून उजेड उतरायची वाट बघत होते.

पेपरच्या हिशोबानं मला तो फोटो रिकामा वाटत होता. मी म्हटलं, "काका, काकूंना दारात उभं करा. माणूस असलं की फोटो बोलतो."

"तिन्हीसांजेला उंबऱ्यावर कुणी उभं राहतं का?" ते म्हणाले. "येणारा आत कसा येईल?"

आमच्याकडे ही रीत घरोघर होती. लक्ष्मीची वेळ. दार सताड उघडं टाकायचं, उंबरा मोकळा ठेवायचा, मुलं तिथं बसली तर ओढून आत घ्यायची. हेमानं लहानपणापासून त्यासाठी किती बोलणी खाल्ली असतील. उघडं दार, मोकळा उंबरा, आत लांब देवळीतला दिवा. बघणाऱ्याला आणखी काही सांगायची गरज नाही, असा त्यांचा हिशोब होता. तो बरोबर होता.

काकू कोपऱ्यातून उठल्या. उंबऱ्याजवळ कुणाची तरी चप्पल पडली होती, ती उचलून बाजूला ठेवली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. काकांनी त्यानंतर बटण दाबलं.

प्रिंट सुंदर होती. मागे मी पेन्सिलीनं ओळ लिहिली, 'तिन्हीसांज, वडबारी येथील एक घर'. पाकीट पुण्याच्या गाडीनं पाठवलं. मग काका रोज सकाळी माझ्याकडे येऊ लागले. टपाल आलं की मी पुण्याचा अंक उघडायचो, ते शेजारी उभे राहायचे, आणि फोटो नसला की "बरं" म्हणून जायचे. एकदा आण्णा मला बाजारात भेटले. म्हणाले, तुमच्या पेपरनं आमच्या काशिनाथला निवृत्त केलं की काय? आता तो सकाळी तुमच्याकडे हजेरी लावतो म्हणे. मी म्हटलं, गप्पा मारायला येतात. "आमच्याशी नाही मारत," आण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता. उलट थोडं वाईट वाटल्यासारखं होतं.

तो अंक आला, त्या दिवशी मी तो काकांच्या आधी पाहिला. फोटो छापला होता. कुठंतरी कोपऱ्यात नव्हे, चांगला तीन कॉलमांत, आतल्या पानाच्या माथ्यावर. सदावर्तेनं शब्द पाळला होता. वर मथळा होता, 'खेडी रिकामी होत आहेत'. दुष्काळी भागातून शहरात येणाऱ्या लोकांवर पुण्याच्या कुणा वार्ताहरानं लिहिलेला लेख होता. त्यांना एक फोटो हवा होता. फोटोखाली ओळ होती: 'रोजगारासाठी कुटुंबे शहराकडे गेल्याने खानदेशातील अनेक गावांत अशी ओस घरे दिसू लागली आहेत.'

देवळीतला दिवा छपाईत बुडाला होता. दाराच्या आत नुसता काळोख होता.

काका आले. मी अंक त्यांच्यापुढे ठेवला. आधी त्यांनी आकार पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग चष्मा लावून ओळ वाचली. वर मथळा वाचला. ओळ पुन्हा वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"पुण्यात लिहिलं."

"त्यांना कसं वाटलं असं?"

"दारात कुणी नव्हतं, म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "तिला कळेल. ती फोटो बघेल. खालचं कशाला वाचेल?"

या धंद्यात मी जे थोडंफार शिकलो, त्यात हे पक्कं होतं की फोटो बघितल्यावर माणसाची नजर पहिल्यांदा खालच्या ओळीवर जाते आणि मग तो ओळीनं सांगितलेलाच फोटो बघतो. त्यांनी मला विचारलं होतं असं मला वाटलं, म्हणून मी ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. अंक नेणार का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले.

दुपारी मी सदावर्तेला फोन केला. तो खुशीत होता. संपादकांना फोटो आवडला होता. मी म्हटलं, त्या घरात माणसं राहतात, दुरुस्ती छाप. तो म्हणाला, "कुणाचं घर ते आपण कुठं लिहिलंय? दुरुस्ती करायची कशाची?" त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

पुण्याहून कुणी आलं नाही. काका स्टुडिओत पासपोर्टचे, लग्नाचे फोटो काढत राहिले. रस्त्यात गुडघा टेकून बसलेले ते मला पुन्हा दिसले नाहीत. कंडक्टरची दुसऱ्या डेपोला बदली झाली. माझी पुण्याची बदली कधी झालीच नाही.

काही वर्षांनी उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच. निधनाच्या बातम्या मीच करायचो. आण्णांनी मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला: जुन्या पिढीतील छायाचित्रकार, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी, भाऊ, भावजय, पुतणे असा परिवार. घरी जाऊन मी मजकूर पुन्हा वाचला. तथ्याची चूक दिसली की दुरुस्त करायची, हा माझा रोजचा उद्योग होता. 'पत्नी'च्या पुढे मी 'एक मुलगी' असं घातलं आणि पाकीट गाडीवर दिलं. पुण्यालाही फोन केला. सदावर्तेनं तिथली नोकरी सोडली होती. दुसरा कुणी म्हणाला, पुण्याशी संबंध काय त्यांचा? बदली झालेल्या कंडक्टरला गाठून त्या चाळीचा पत्ता काढला. चाळ पाडली होती, भाडेकरू पांगले होते.

बातमी आली त्या दिवशी आण्णा माझ्याकडे आले. सुतकातला माणूस, डोक्याला टॉवेल, दारातच उभे राहिले.

"ही मुलगी कोण?"

"हेमा," मी म्हटलं.

गावात ते नाव त्यांच्यासमोर बऱ्याच वर्षांत कुणी घेतलं नसावं. त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. सरळ गाडी पकडून जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. तिसऱ्या दिवशी पान चारवर चौकटीत खुलासा आला: 'वडबारी येथील कै. काशिनाथ सोनगिरे यांच्या निधनवृत्तात एक मुलगी असा उल्लेख अनवधानाने झाला. त्यांना अपत्य नव्हते, असे कुटुंबीयांनी कळविले आहे.'

त्या संध्याकाळी मी भेटायला गेलो. पुरुष बाहेर ओसरीवर बसले होते. काकू आतल्या खोलीत चटईवर होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि इतर बायका उठून जाईपर्यंत थांबल्या.

"आज पेपरात काहीतरी आलंय म्हणे. मला कुणी वाचून दाखवत नाही."

मी खिशातून कात्रण काढलं आणि वाचून दाखवलं. आवाज चढू दिला नाही. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"हे पान पुण्याला जातं का हो?"

"नाही, काकू. पुण्याला नाही जात."

"मग बरं," त्या म्हणाल्या.